फाटकाचे दिवे कोणी लावले

‘त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेची आगगाडी गाजली. गाडी आली की फाटकाशी तांबडे दिवे लागत आणि घंटा वाजे. प्रेक्षकांना वाटे, गाडीच दिवे लावते. खरी गंमत अशी, की टेबलाखाली चादरीआड मी बसलेलो असे. इंजिन दिसले की बटण दाबायचे, इंजिन गेले की सोडायचे, एवढेच ते विज्ञान! फाटकवाल्याचा शाम्या वर उभा राहून इंजिनाला चावी देत असे.’

हा मजकूर आमच्या शाळेच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लेखक मधुकर, माझा वर्गमित्र, साखर कारखान्यातल्या साहेबांचा मुलगा, आणि वर्णन केलेल्या आगगाडीचा मालक. फाटकवाल्याचा शाम्या तो मी. माझे नाव शमुवेल. ते शाळेने शाम्या केले आणि पुढे माझे केस पांढरे झाल्यावरही ते कोणी दुरुस्त केले नाही. नावाची मला तक्रार नाही. तक्रार दिव्यांची आहे. स्मरणिका हाती आली त्या दिवशीच मी मधुकरला फोन लावला. तो पुण्याला मुलाकडे असतो. माझा आवाज ऐकून त्याला आनंद झाला, तो खोटा नव्हता. मी मुद्द्यावर आलो तेव्हा तो हसायला लागला.

‘‘शाम्या, अरे पोरपणच्या गोष्टी त्या. एक सांग, बटण होतं की नव्हतं?’’

‘‘होतं.’’

‘‘मी टेबलाखाली बसून दाबत होतो की नव्हतो?’’

‘‘दाबत होतास.’’

‘‘आणि दिवा लागत होता की नव्हता?’’

‘‘लागत होता.’’

‘‘मग झालं तर! आता गोळ्या घे आणि पड जरा.’’

त्याच्या तिन्ही प्रश्नांना मी खरी उत्तरे दिली, आणि तरीही तो चूक आहे. हे कसे, ते सांगण्यासाठी हे प्रकरण लिहीत आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी स्मरणिकाच वाचावी. ती सोपी आहे.

राहात्याकडे जाणारा रस्ता जिथे लोहमार्ग ओलांडत असे तिथे आमचे घर होते. ओलांडत असे म्हणतो, कारण आता तिथे फाटक नाही. रुळांखालून भुयारी रस्ता काढला आहे आणि पावसाळ्यात त्यात मोटारी तरंगतात. घर दगडी, दोन खोल्यांचे, रुळांपासून पंधरा-वीस पावलांवर. स्टेशनातून टेलिफोन खणखणला की माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, गाडीचा नंबर मोठ्याने परत म्हणत, निळ्या सदऱ्याची बटणे लावीत बाहेर पडत आणि फाटकाची दोन्ही पाखे ओढून साखळी अडकवीत. त्या साखळीचा आवाज आमच्या घरातले घड्याळ होते. आई हुलग्याचे शेंगोळे शिजत घालायची ते मालगाडी जाऊ देऊन, कारण मालगाडीच्या धक्क्याने चुलीवरचे पातेले सरकत असे. दादांच्या ताटात गरम भाकरी पडावी आणि टेलिफोन वाजू नये, असे मला फारसे आठवत नाही. आम्ही ख्रिस्ती, रविवारी आई मला घेऊन गावातल्या चर्चमध्ये जाई, दादा मात्र फाटकावर. पाळकसाहेबांनी एकदा हटकले तेव्हा आईने पदर सावरून उत्तर दिले होते, ‘‘गाडी रविवार पाळत न्हाई, पाळकसाहेब. तुमीच तिला सांगून बघा.’’

फाटक बंद असले की दोन्ही बाजूंना बैलगाड्या साठत. हंगामात उसाच्या, एरवी पेरूच्या पाट्यांच्या. पेरूवाले ताटकळले की आईला चार पेरू देत आणि दादांना शिव्या. इंजिन धडधडत पुढे गेले रे गेले, की ओरडा सुरू होई. ‘‘ओ फाटकवाले, गेलं की इंजिन! उघडा आता, का मुक्कामाला ठिवता?’’ दादा ढिम्म. हातातला हिरवा झेंडा गाडीच्या दिशेने धरून ते शेवटच्या डब्याची वाट बघत. शेवटच्या डब्यामागे दिवा असे. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यांनी साखळीला हात लावल्याचे मी कधी पाहिले नाही. लोकांना वाटे, हे एक अंगमेहनतीचे काम आहे, साखळी घाल, साखळी काढ. मधुकर वर्गात म्हणे, ‘‘तुझे वडील दार उघडतात आणि लावतात, एवढ्याचा त्यांना पगार मिळतो?’’ यावरून आमची दोनदा मारामारी झाली. एकदा मी जिंकलो. दुसऱ्यांदाचे तो काय सांगतो ते मला माहीत आहे. तेही चूक आहे.

मधुकरच्या मामांनी परदेशातून आणलेली ती आगगाडी चावीची होती. एक जडसे काळे इंजिन, तीन प्रवासी डबे, शेवटी गार्डाचा छोटा डबा, आणि गोल जोडायचे पत्र्याचे रूळ. आमचे विज्ञानाचे थोरात सर यांनी ती नगरला जिल्ह्याच्या प्रदर्शनात मांडायचे ठरवले. फळ्यांवर रूळ बसवले, कागदाच्या लगद्याचा एक डोंगर केला, त्यात बोगदा ठेवला, एका बाजूला स्टेशन आणि समोरच्या बाजूला, बोगद्याच्या अलीकडे, पुठ्ठ्याचे फाटक. हे सगळे झाल्यावर मी सरांना म्हणालो की फाटक आहे तर दिवे हवेत, आणि ते गाडीने स्वतः लावले पाहिजेत. सर म्हणाले, ‘‘लावून दाखव.’’ मधुकरने मला गाडी रूळ-फळ्यांसकट घरी न्यायला दिली ती चार दिवसांच्या बोलीवर, आणि डब्यांवरचे रंगाचे टवके मोजून.

माझी पहिली युक्ती अशी. फाटकापाशी रुळालगत मी पितळेची एक पट्टी बसवली. इंजिन तिच्यावरून गेले की ती दबे, खालच्या खिळ्याला टेके, विजेरीच्या सेलमधून प्रवाह सुरू होई आणि फाटकाचे दोन छोटे बल्ब लागत. बल्बांना मिठाईच्या डब्यावरचा लाल जिलेटिन कागद लावला होता. घंटेसाठी खिळ्यावर तार गुंडाळून त्याचे लोहचुंबक केले आणि आईची एक पितळी वाटी मागून घेतली. ओसरीवर सगळे मांडून मी दादांना बोलावले. ते उकिडवे बसले. मी चावी दिली. इंजिन फाटकात आले, दिवे लागले, वाटी टणटणली. इंजिन पुढे गेले, दिवे विझले. आईने टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, ‘‘छान. पर मानसं मारलीस की.’’

‘‘कोण मेलं?’’

‘‘दिवा इझला, पेरूवाला निघाला. अन् डबं अजून फाटकात हायती.’’

‘‘इंजिन गेलं ना, दादा.’’

‘‘इंजिन गेलं म्हंजी गाडी गेली का रं? एवढी वर्सं ह्या घरात जेवतुस, अन् ह्येच शिकलास व्हय?’’

आई हसली, आणि मला ते हसणे आजही झोंबते. ज्या पोराने जन्मापासून रोज दहा वेळा ती गोष्ट पाहिली, त्याने ओरडणाऱ्या पेरूवाल्यांचीच चूक करावी! डबे हलके होते; त्यांच्या वजनाने पट्टी दबत नव्हती. मी डब्यांत वाळू भरली, तर इंजिनाला ते ओढवेनात. पट्टी सैल केली, तर ती एकदा दबली की वर येईना. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना दादा सहज बोलून गेले. फाटकावर येण्यापूर्वी ते मोठ्या जंक्शनला रुळांच्या गँगमध्ये होते. ‘‘यार्डात आमाला लई ताकीद आसायची,’’ ते म्हणाले, ‘‘दोन रुळांवर आडवी सब्बल ठिवू नका. ठिवली, की तिकडं मास्तरच्या खोलीत लाल लागायचा. सब्बल हाय का गाडी हाय, ते त्या दिव्याला काय कळतंय?’’

मी भाकरी तशीच ठेवून उठलो. सब्बल म्हणजे पहार, लोखंडाची, आणि गाडीच्या चाकांमधला आसही लोखंडाचाच. म्हणजे पट्टी नको, वजन नको. एका रुळाला सेलचे एक टोक, दुसऱ्या रुळाला बल्बाची तार. मध्ये काही नसेल तोवर दिवा नाही. कोणतेही चाक, इंजिनाचे असो की शेवटच्या डब्याचे, फाटकाजवळच्या तुकड्यावर उभे असेल तोवर दिवा आहे. गाडी चालती की थांबलेली, हेसुद्धा त्याने विचारायचे नाही. पुढे चाळीस वर्षे मी लोकांच्या घरांतून विजेच्या तारा ओढल्या, पण एवढी नितळ जोडणी पुन्हा माझ्या हातून झाली नाही. कल्पनेचा उगम दादांचा, हे मी इथे लिहून ठेवतो. स्मरणिकेने त्यांना एका शब्दाचीही जागा दिलेली नाही.

अडचण एकच होती: रुळांखालचे आडवे स्लीपरही पत्र्याचेच, म्हणजे दोन्ही रूळ मुळातच एकमेकांना जोडलेले. मी फाटकापासून बोगद्याच्या पलीकडल्या तोंडापर्यंतचे रूळ पक्कडीने उचकटले, पत्र्याचे स्लीपर काढून टाकले आणि त्या जागी बांबूच्या कामट्या ठोकल्या. तुकड्याच्या दोन्ही टोकांना सांध्यांत जाड कागद घातला. मधुकर गाडी परत न्यायला आला तो नेमका तेव्हा. ‘‘माझे रूळ मोडलेस!’’ तो किंचाळला आणि सरळ सरांकडे गेला. थोरात सर सरळ मनुष्य होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्यांनी निकाल दिला. ‘‘शनिवारी रंगीत तालीम. त्या वेळी दिवे लागले तर शमुवेलचे फाटक राहील. नाही लागले तर फाटक निघेल, शमुवेल नगरला येणार नाही, आणि मोडलेले रूळ तो स्वतः पूर्ववत करून देईल.’’

मला नगरचे आकर्षण नव्हते. मला एवढेच हवे होते, की माझ्या बापाचे काम काय असते ते चार माणसांना टेबलावर दिसावे. शनिवारपर्यंत मी दुसरे काही केले नाही. डब्यांच्या चाकांवर रंग होता. रंगातून वीज जात नाही, म्हणून सोळा चाके घासकागदाने उजळली. रूळ गंजले होते. आईने ते तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर घेतले, चिंच आणि राख लावून असे घासले की त्यात तोंड दिसावे. तालमीच्या दिवशी गाडी सहा वेळा फिरली. पाच वेळा दिवे लागले ते थेट शेवटचा डबा बोगद्यापार होईपर्यंत. सहाव्या वेळी गार्डाचा डबा बोगद्यात असतानाच ते मध्येच विझले आणि पुन्हा लागले. राखेचा एक कण रुळावर राहिला होता, हे मी बोट फिरवून दाखवले. सरांनी मला ठेवले. पण त्यांच्या मनात शंका शिरली होती. त्यांनी टेबलाखाली एक बटण बसवले, त्याची तार बल्बांना जोडली, फळीला बोट जाईल एवढे भोक पाडले आणि मधुकरला खाली बसवले. ‘‘इंजिन दिसलं की दाब, गेलं की सोड. शमुवेलचं चाललं तर उत्तमच, नाही चाललं तरी शाळेची शोभा नको.’’

म्हणजे बटण होते. मधुकरही होता. मी हे कधी नाकारले नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी नगरच्या त्या सभागृहात, इतर मुले फलक लावत असताना, मी टेबलाखाली शिरलो आणि बटणाच्या तारेचे एक टोक सोडवून चिंधीत गुंडाळून ठेवले. सरांना विचारले नाही. विचारले असते तर ते नाही म्हणाले असते, आणि त्यांच्या जागी ते योग्यच ठरले असते. पण इंजिन गेले की दिवा सोडणारे ते बटण माझ्या बापाच्या फाटकावर मला चालणार नव्हते. मधुकर आला, चादरीआड बसला आणि दिवसभर भोकाला डोळा लावून इमानाने बटण दाबत राहिला. त्याने दाबले की दिवा लागे, कारण त्याच क्षणी इंजिन रुळाच्या तुकड्यावर येई. त्याने सोडल्यावर दिवा थोडा वेळ राही, पण भोकातून फक्त रूळ दिसत, दिवे दिसत नसत, आणि घंटा तर त्याच्या बटणाला जोडलेलीच नव्हती. म्हणून मी त्याला खोटारडा म्हणत नाही. तो साऱ्या जन्मात एकदाही खोटे बोललेला नाही. त्याला फक्त माहीत नाही. हे मी त्याला त्या फोनवर सांगितले.  मग तो म्हणाला, ‘‘हे तू आज सांगतोयस? ती चिंधी पाहिली कोणी?’’

कोणीच नाही. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा, असे मी म्हणतही नाही. चिंधीची गोष्ट वगळून जे उरते आणि जे पन्नास माणसांनी पाहिले, तेच आता सांगतो.

दुपारी परीक्षक आले. कुठल्याशा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ. दादा आले नव्हते. बदली माणूस मिळाला नव्हता आणि गाड्या तर होत्याच. मी इंजिनाला चावी दिली. गाडी निघाली, दिवे लागले, वाटी वाजू लागली. इंजिन बोगद्यातून बाहेर पडून समोर स्टेशनात आले तशी मी खटका ओढून ते थांबवले. खाली मधुकरने आपले काम संपले असे मानले, आणि परीक्षकांकडून शाबासकी मिळेल या आशेने तो चादर बाजूला सारून बाहेर आला. गुडघे झटकून तो माझ्या शेजारी उभा राहिला. दोन्ही हात पाठीशी बांधलेले, जसे परीक्षकांसमोर उभे राहायला आम्हाला शिकवले होते.

दिवे लागलेलेच होते. घंटा वाजतच होती.

परीक्षक थांबले. गर्दीतून कोणी तरी म्हणाले, ‘‘बिघडलं वाटतं.’’ दुसऱ्या शाळेची मुले हसली. मधुकर माझ्या कानाशी कुजबुजला, ‘‘मी सोडलंय रे, शपथ!’’ सरांचा चेहरा उतरला होता. ‘‘शमुवेल, सेल काढून घे,’’ ते दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘पुन्हा सुरू करू.’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मी सांगतोय, सेल काढ. शोभा होतेय.’’

‘‘फाटकात गाडी आहे, सर.’’

‘‘अरे, गाडी स्टेशनात उभी आहे! दिसत नाही का तुला?’’

मी सरांना त्यापूर्वी कधी उलटून बोललो नव्हतो आणि पुढेही कधी बोललो नाही. पण सेल मी काढला नाही. वाटी टणटणत होती, माणसे जमत होती, आणि परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला होता. मी स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले. इंजिन. एक डबा. दुसरा. तिसरा. पुढे काही नाही.

परीक्षकांनी विचारले, ‘‘काय झालं आहे, बाळ?’’

मी टेबलाला वळसा घालून गेलो आणि लगद्याचा डोंगर दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. बोगद्याच्या मधोमध, आकडा वाकून सुटलेला गार्डाचा डबा एकटा उभा होता. सभागृहातल्या कोणाही माणसाला तो तोवर दिसलेला नव्हता. सरांना नाही, परीक्षकांना नाही, मला नाही, आणि टेबलाबाहेर हात पाठीशी बांधून उभ्या असलेल्या मधुकरला तर नाहीच.

मी तो डबा रुळांवरून उचलला, आणि दिवे विझले.